प्रमिलाचा नकाशा आणि पुढचा प्रश्न

प्रमिला,

कॉलेजातल्या शोकसभेत सगळ्यांनी मिळून तुला मितभाषी करून टाकलं. प्राचार्य म्हणाले, "जाधव मॅडम म्हणजे शांत, अजातशत्रू व्यक्तिमत्त्व." मी शेवटच्या रांगेत होते. मला हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला, तर शेजारची लायब्ररियन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. आता तिला काय सांगणार! स्टाफरूमच्या पंख्याचा वेग किती ठेवायचा यावरून जिने निम्म्या स्टाफशी अबोला धरला, ती म्हणे अजातशत्रू. तू असतीस तर तिथल्या तिथे उभी राहून म्हणाली असतीस, "सर, दुसऱ्या कुणाची तरी सभा चालू आहे वाटतं."

म्हणून हे लिहायला बसले. जन्म कधी, शिक्षण कुठे, कुठल्या समित्यांवर होतीस, ते कॉलेजच्या अंकात येईल, चुकांसकट येईल. मला तुझ्याशी बोलायचंय. तू मध्ये तोंड घालणार नाहीस अशी ही पहिलीच वेळ, ती मी का सोडू?

शिवाय एक बातमी द्यायची आहे. अंबरनाथजवळच्या पालेगावातल्या तुझ्या घराचं काय होणार ते गेल्या रविवारी ठरलं. तू घर भाचीच्या, रूपालीच्या नावे करून मोकळी झालीस. पण तिला सोसायटीत सभासद करून घ्यायचं म्हणजे मीटिंग आली, आणि मीटिंग आली म्हणजे तिला काय काय विचारतील याची मला धडकी भरली. तुला तोंडावर जे विचारलं गेलं होतं तेच त्या पोरीला विचारलं जाणार का, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. काय झालं ते शेवटी सांगते. तुला धीर नाही हे ठाऊक आहे, पण थांब जरा.

उल्हासनगरच्या आपल्या कॉलेजात कॉम्प्युटर आला ते आठवतं? खोलीला एसी, खिडकीला जाड पडदे आणि दाराबाहेर चपला काढायची सक्ती. तू दारात उभी राहून म्हणालीस, "मी देवळात जात नाही, आणि इथे मला चपला काढायला लावताय." मी गणित शिकवणारी, तू भूगोल. तोवर आपली ओळख नमस्कार-चमत्कारापुरतीच. त्या दिवशी मी हसले आणि तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "म्हात्रे मॅडम, तुम्हाला आकडेमोड येते ना? मला एक माणूस हवाय." मला वाटलं परीक्षेच्या निकालाचं काहीतरी असेल. मला काय माहीत, ही बाई पुढची कित्येक वर्षं माझे रविवार खाणार आहे!

तुझा विषय एकच. कोण कुणाच्या शेजारी राहतं. ऐंशी सालाच्या आसपास तू हे टाचण्यांनी करायचीस. थर्माकोलवर अंबरनाथचा नकाशा चिकटवलेला आणि त्यावर रंगीत डोक्यांच्या टाचण्या टोचलेल्या. तुझी आई म्हणायची, पोरगी कुणावर तरी करणी करतेय. त्या टाचण्यांतून दिसायचं खूप, पण मोजता काही येत नव्हतं. "मला आकडा पाहिजे सुमन," तू म्हणायचीस. "नुसतं सांगितलं तर लोक म्हणतात, तुमच्या मनातलं आहे हे. आकडा कुणाच्या मनातला नसतो." यावर मी गणिताची बाई म्हणून जेवढं हसले तेवढं कधी हसले नसेन. आकडा तर पहिला मनातून येतो, बाई!

मग सुरू झालं गिरवणं. नकाशा कॉम्प्युटरात घालायचा म्हणजे भल्यामोठ्या पाटासारख्या एका फळीवर तो पसरायचा, चिकटपट्टीने चारही कोपरे घट्ट करायचे आणि भिंग लावलेल्या माऊसने रस्त्यामागून रस्ता टिचक्या मारत गिरवायचा. त्या फळीला इंग्रजी नाव होतं, आपण पाटच म्हणायचो. नगरपालिकेतून आणलेल्या नकाशाच्या प्रती आधीच घड्या पडलेल्या, त्यात पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगायचा. पहिली शीट पूर्ण झाली, स्क्रीनवर सगळं एकावर एक बसवलं, तर वालधुनी नदी भर बाजारातून, भांड्यांच्या दुकानांच्या डोक्यावरून वाहत होती. मी कपाळाला हात लावला. तू शांतपणे म्हणालीस, "पावसाळ्यात वाहतेच की. चुकलंय कुठे?" आणि ती शीट तशीच ठेवायची म्हणून हट्ट धरून बसलीस. हा तुझा शांत स्वभाव.

त्यातून शुक्रवारी वीज जायची. सकाळभर गिरवलेलं कधी साठवायचं राहिलं तर सगळं पुसलं जायचं. आपण काळोखात एकमेकींकडे बघत बसायचो, मग तू डब्यातली चटणी-भाकरी काढायचीस. कॉम्प्युटरच्या खोलीत खायला सक्त मनाई होती. पण वीजच नाही तर ती कॉम्प्युटरची खोली कशी, हा तुझा युक्तिवाद. शिपायानेसुद्धा मग भाकरीचा तुकडा मागून घेतला.

रंगांवरून केवढं भांडलो आपण! त्या यंत्राला मोजके रंग यायचे, तेही भडक. मी सरळ मनाने म्हटलं, बौद्ध कुटुंबांना निळा देऊ. तू उसळलीस. "का? निळा लावलास की बघणाऱ्याने नकाशा वाचायच्या आधीच निकाल लावला. माझ्या माणसांना पोपटी दे." म्हणून मग बौद्ध पोपटी, सिंधी कुटुंबं जांभळट गुलाबी, कोकणातली तपकिरी, देशावरची पिवळी, आणि आम्ही गावठाणातले शेतकरी राखाडी. "आम्ही का राखाडी?" मी विचारलं. "कारण तुम्ही जमिनी विकताय. थोड्या दिवसांत दिसणार नाही," तू म्हणालीस. मला राग आला होता, पण दत्तानं, माझ्या भावानं, त्याच वर्षी आमचं शेत बिल्डरला दिलं होतं. एवढं करून प्रिंटर होता काळा-पांढरा. कॉम्प्युटरने काढलेला नकाशा आपण दोघी शेवटी स्केचपेनने रंगवत बसायचो, प्राथमिक शाळेतल्या पोरींसारख्या.

माहिती गोळा करायला फिरलो ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीतल्या, कॅम्प तीनच्या त्या गल्ल्या, शेअर रिक्षात मांडीवर पिशव्या घेऊन कोंबून बसलेल्या आपण, आणि जिकडे तिकडे शिलाई मशीनची घरघर. एका जुन्या बराकीतल्या घरी आपण गेलो. खाली जीन्स शिवायचं दुकान, मागे राहायचं. तिथली आजी आपल्याला प्रश्नच विचारू देईना. "पहले पापड़ खाओ, पानी पियो, फिर बात करो," म्हणाली. आपण म्हटलं, आजी, आम्हाला फक्त तुमचं आडनाव हवंय. ती म्हणे, "नाम बाद में. नाम कहाँ भागा जा रहा है?" त्या गल्लीत प्रत्येक दारात पापड खाल्ला आपण. संध्याकाळी तुझा घसा बसला, आणि मला जरा निवांतपणा मिळाला.

पण त्याच घरात तुला काहीतरी दिसलं. आजीच्या दारावर पाटी तिच्या मुलाची, आणि माळ्यावर झोपायचे कारागीर, कुणी उत्तरेतला, कुणी नांदेडकडचा. नकाशावर सगळे मिळून एक जांभळट ठिपका. "ह्या नकाशाला माळा कुठे आहे?" तू रिक्षात बसल्यावर म्हणालीस. "खाली मालक, वर मजूर. हे वेगळं राहणं नाही का?" मी म्हटलं, आहे, पण मोजता येणार नाही. नंतरही हा प्रश्न तू कितीदा काढलास, आणि मला त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

मग आला तो आकडा. न समजणाऱ्यांना मी असं सांगायची की, शंभर कुटुंबांतली किती कुटुंबं उचलून दुसरीकडे ठेवली तर सगळीकडे सारखी मिसळ होईल, त्याचा हा आकडा. शून्याच्या जवळ म्हणजे सगळे एकमेकांत मिसळलेले. शंभरच्या जवळ म्हणजे ही गल्ली तुमची, ती आमची. आपण पहिल्यांदा वॉर्ड धरून हिशेब केला. आकडा आला अगदी लहान. प्राचार्यांना कोण आनंद! "बघा, आपल्या भागात केवढा एकोपा!" त्यांना तो नकाशा फ्रेम करून ऑफिसात लावायचा होता, पाहुण्यांना दाखवायला.

तू म्हणालीस, "सर, भाजीच्या पिशवीत कांदे आणि केळी दोन्ही आहेत म्हणून त्यांची शिकरण होत नाही." आणि मला ओढत परत त्या खोलीत नेलंस. वॉर्ड मोडले. गल्ल्या केल्या. गल्ल्या मोडून इमारती केल्या. तेच ठिपके, तीच कुटुंबं, आणि आकडा चढत चढत कुठल्या कुठे गेला. अंबरनाथ पूर्वेला एका वॉर्डात पाचही रंग छान सांडलेले दिसत होते, आणि जवळ जाऊन बघावं तर प्रत्येक इमारत एकरंगी. तू खुर्चीत मागे रेलून बघत राहिलीस. आनंद नव्हता तुझ्या चेहऱ्यावर, पण कुणीतरी आपलं म्हणणं शेवटी ऐकून घेतल्यावर माणूस दिसतं तशी दिसलीस.

मी मात्र तेव्हाच तुझ्याशी भांडले, आणि ते भांडण आपलं मिटलंच नाही. मी म्हटलं, प्रमिला, तुकडे जितके लहान करशील तितका आकडा वाढणारच. एकेका घराचा एकेक तुकडा केलास तर शंभरच येईल, कारण एका घरात सगळी माणसं एकाच जातीची असतात. मग खरा आकडा कुठला? मोठ्या तुकड्यांचा की लहान? तू म्हणालीस, "खरा तो, जो शेजाराएवढ्या तुकड्याचा." शेजार केवढा मग? त्यावर तू जे म्हणालीस ते मी वर्गात अजून सांगते, तुझं नाव घेऊन सांगते. "जिथपर्यंत झाकलेली वाटी जाते आणि रिकामी परत येत नाही, तिथपर्यंत शेजार." मी म्हटलं, हे गणित नाही. तू म्हणालीस, "नसू दे, पण मोजता येतं." आणि खरंच पुढच्या फेरीत तू बायकांना आडनावासोबत हेही विचारायला लागलीस, की आमरस केलात तर वाटी कुणाकुणाकडे जाते? बायका खुशीत सांगायच्या. जातीचं विचारलं असतं तर दार लावून घेतलं असतं.

जातीचं विचारणं, हा खरा घोळ. दारात उभं राहून कुणाला कसं विचारायचं? म्हणून मी शक्कल काढली. सोसायटीच्या खालच्या पाट्यांवरची आडनावं उतरवायची, कॉम्प्युटरला सांगायचं अमुक आडनाव तमुक रंग, की झालं. मला त्या युक्तीचा फार अभिमान वाटत होता. एका सकाळी सगळं अंबरनाथ पूर्व स्क्रीनवर आलं, आणि तू शोधत शोधत तुझ्या भाड्याच्या खोलीवर बोट ठेवलंस. पिवळी! जाधव म्हणून तुला देशावरच्या मराठ्यांत टाकलं होतं.

काय हसलीस तू! चष्मा काढून टेबलावर ठेवलास आणि पोट धरून हसलीस. "तुझ्या यंत्राने मला एका टिचकीत वर चढवलं गं! आमच्या बापजाद्यांना इतकी वर्षं लागली धर्म बदलायला." बाहेरून शिपाई डोकावला, त्याला वाटलं काही जळालं. हसून झाल्यावर तू डोळे पुसत म्हणालीस, "आता कळलं तुला, लोक पुढचा प्रश्न का विचारतात ते?"

पुढचा प्रश्न. तो मला तेव्हापासून सगळीकडे ऐकू यायला लागला. नाव सांगितलं की, "जाधव म्हणजे कुठले जाधव?" मग गाव. गावावरून नाही उमजलं तर, "कुलदैवत कुठलं तुमचं?" किती गोड आवाजात विचारतात! मीही विचारत आले होते जन्मभर, आमच्याकडे सगळेच विचारतात, पहिला चहा येईपर्यंत विचारून होतं. आता आपल्यापुढे पेच पडला. रंग बरोबर लावायचा तर तोच प्रश्न आपल्यालाही विचारायला लागणार. तू म्हणालीस सरळ विचारू, लाजायचं काय? मी म्हटलं, आणि उद्या हा नकाशा एखाद्या दलालाच्या हातात पडला म्हणजे? कुठल्या इमारतीत कोण आहे ते रंगीत रंगीत दिसेल त्याला! तू म्हणालीस, "त्याला नकाशा लागत नाही सुमन. त्याला तो पाठ असतो." तरी इमारतींची नावं मी छापू दिली नाहीत, आणि तू त्याबद्दल मला शेवटपर्यंत भित्री म्हणत राहिलीस.

त्याच सुमारास तू स्वतःचं घर शोधायला लागलीस. मी बरोबर यायची. नव्या इमारती, नवा रंग, बुकिंग ऑफिसात थंड पाणी. "या मॅडम, बसा मॅडम." मग नाव. मग पुढचा प्रश्न. मग, "अरेरे, कालच फुल झालं बघा." परत येताना तू चिडायची नाहीस, कॉम्प्युटर सुरू करून त्या इमारतीचा ठिपका बघायचीस आणि म्हणायचीस, "बरोबरच आहे की. आपला आकडा अगदी अचूक निघाला." मी रडायच्या बेतात, आणि तू शास्त्रज्ञासारखी खूश. एकदा मात्र बदलापूरहून येताना तू म्हणालीस, "सगळीकडे मीच ठिपका व्हायचं आणि मीच मोजायचं, कंटाळा येतो गं." त्या दिवशी मी घरी येऊन दत्ताला धरलं.

आमच्या पालेगावच्या शेतावर झालेल्या इमारतीत बिल्डरने जमिनीच्या बदल्यात आम्हाला घरं दिली होती. एकात आई आणि मी, एकात दत्ता, आणि तिसऱ्या मजल्यावरचं एक विकायचं होतं. दत्ता म्हणाला, "ताई, मला स्वतःला काही नाही गं. पण बाकीचे लोक काय म्हणतील?" आई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "जमीन बिल्डरला दिलीस तवा लोकांना इचारलंस? मंग घर देताना कनाला इचारतंस?" दत्ताने व्यवहार केला. माझ्या आईला तुझा तो आकडा कधी समजला नाही. तिला एवढंच माहीत होतं, की तू भाकरी बरी थापतेस.

तुझ्या समोरच्या दाराचे सावंत सोसायटीचे सेक्रेटरी. कारखान्यातून निवृत्त, बनियनवर गॅलरीत उभे राहून सगळ्या बिल्डिंगचा हिशेब ठेवणारे. तू सामान लावायला आलीस तर जिन्यातच म्हणाले, "जाधव म्हणजे कुठले जाधव?" तू पिशवी खाली ठेवलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, "बौद्ध. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. पुढचा प्रश्न?" सावंतांचा पुढचा प्रश्न तयारच नव्हता. बिचारे चाचपडले आणि म्हणाले, "मेंटेनन्स वेळेवर द्याल ना?" तू म्हणालीस, "तुमच्या आधी देईन." आणि दिलासही, दर महिन्याला, त्यांच्या दाराची बेल वाजवून, ते आंघोळीला गेले की मुद्दाम.

त्यानंतरची तुमची जुगलबंदी म्हणजे आमच्या बिल्डिंगची करमणूक. गच्चीवरच्या अँटेनाची दिशा, पाण्याच्या टाकीचं झाकण, जिन्यातला दिवा. त्यांचा पेपर आधी तू वाचायचीस, तेही शब्दकोडं सोडवून ठेवायचीस, पेनाने. सावंत तावातावाने दत्ताकडे तक्रार घेऊन यायचे. एकदा ते तुझा नकाशा बघायला आले, अर्थात चुका काढायला. तू त्यांना खुर्ची दिलीस आणि तपकिरी, म्हणजे कोकणातल्या, ठिपक्यांमधूनही अमुक तालुक्याची माणसं एका इमारतीत, तमुक तालुक्याची दुसऱ्या इमारतीत, असं दाखवलंस. ते वाकून बघायला लागले आणि म्हणाले, "ही आमच्या तालुक्याची सगळी इथेच आलीत होय! मी इथे कसा एकटा पडलो?" तू म्हणालीस, "एकटे कुठे? मी आहे ना समोर." दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोकडून सोलकढी आली.

तू राहायला आल्यावर एकदा मी तुला गंमत म्हणून आकडा परत काढून दाखवला होता. एका घराने तो कितीसा हलणार? दशांशचिन्हानंतर कुठेतरी लांब. मला वाटलं तू खट्टू होशील. तू त्या आकड्याकडे मन लावून बघितलंस आणि म्हणालीस, "हललाय ना? मग झालं. माझ्याच्याने एवढंच." आणि बदलापूरची शीट काढलीस. ती अर्धीच राहिली गं. स्टेशनपासून गिरवत गिरवत तू नदीपाशी आली होतीस आणि तेवढ्यात तुझं हॉस्पिटल आलं. शेवटी भेटले तेव्हाही तू मला सांगत होतीस की, बदलापूरला गल्लीचा नाही, चाळीचा तुकडा धर. मी म्हटलं, तुकडा लहान झाला की आकडा फुगतो. नळ्या लावलेल्या हाताने तू मला गप्प बस अशी खूण केलीस. आपलं शेवटचं बोलणं म्हणजे हेच भांडण. दुसरं काही बोलायला हवं होतं असं लोक म्हणतील. मला नाही वाटत. पण तुझ्याशी भांडून घरी आले की मला जेवण गोड लागायचं, हे सांगायचं राहिलं, ते आता सांगते.

तर, मीटिंग. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, नाव घेत नाही, तुला ते कधीच आवडले नाहीत. तू जाऊन पुरता महिना झाला नव्हता तर ते दत्ताला म्हणाले, "आता जागा मोकळी झालीच आहे, तर माझा मेव्हणा बघतोय. आपल्यातलंच कुणी आलेलं बरं, नाही का?" आपल्यातलं! दत्ताने मला येऊन सांगितलं तेव्हा मी हातातलं पातेलं आपटलं. रूपालीला फोन करून म्हटलं, बाळा, काहीही विचारतील, तयार राहा. ती म्हणाली, "मावशी, मी नर्स आहे. दिवसभर लोकांना नको ते प्रश्न मीच विचारते." तुझीच भाची.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. रूपाली कडेला बसली होती, ड्यूटीवरून तशीच आलेली, डोळे झोपेने जड. वरच्या गृहस्थांनी सुरुवात केली, खूप गोड आवाजात, की आपली सोसायटी कुटुंबासारखी आहे, नवीन सभासदाची थोडी माहिती असावी. मी उठणारच होते. तेवढ्यात सावंत घसा खाकरून म्हणाले, "थांबा, सेक्रेटरी मी आहे. प्रश्न मी विचारतो." त्यांनी रूपालीकडे बघितलं, चष्मा नीट केला.

"पाणी आपल्याकडे फक्त सकाळी येतं. तुझी सकाळची ड्यूटी असली तर चावी कुणाकडे ठेवणार?"

रूपाली गोंधळली. ती सगळी तयारी करून आली होती, या प्रश्नाचीच केली नव्हती. ती काही बोलायच्या आत माझी आई म्हणाली, माझ्याकडं. सावंतांची बायको म्हणाली, असं कसं, समोर आम्ही राहतो. पहिल्या मजल्यावरची म्हणाली, पाणी आधी माझ्याच नळाला येतं. बघता बघता चावीवरून भांडण पेटलं, बायका एकमेकींना बोलू देईनात, आणि वरच्या गृहस्थांच्या मेव्हण्याची आठवणही कुणाला राहिली नाही. सावंतांनी "बरं बरं, मंजूर, मंजूर" असं ओरडून मीटिंग उरकली. दत्ताने वडापाव मागवले होते ते आपण, म्हणजे आम्ही, उभ्याउभ्याच खाल्ले.

मी इतकी खूश झाले प्रमिला, की हात पुसले आणि तरातरा जिना चढले. कधी एकदा हे तुला सांगते असं झालं होतं. तिसऱ्या मजल्यावर आले, धाप लागली, आणि तुझ्या दाराची बेल वाजवली. आतून काही आवाज येईना तेव्हा भानावर आले.

मागे कडी वाजली. सावंत दार उघडून उभे होते, त्यांच्या हातात पेपर. मी काहीतरी सारवासारव करायला गेले.

"राहू दे, म्हात्रे मॅडम," ते हळूच म्हणाले. "परवा मीही वाजवली."